बायजाचं माप

आनंदीबाई उसने तांदूळ परत करायला आली ती स्वतःच्या घरचा शेर घेऊन, आणि तिथंच बिनसलं.

उमरठच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावर ही वाडी. इथं उसनवारीची रीत पक्की आहे. ज्या घरचं धान्य न्यायचं त्या घरचा शेरही बरोबर न्यायचा, आणि फेडताना त्याच शेरानं मोजून द्यायचं. कारण शेर हा म्हणायलाच शेर. एकाचं बूड ठोकून वर आलेलं, एकाचा काठ झिजलेला, एक मुळातच पोटानं थोर. बायजाचा शेर पितळी, सासूच्या सासूनं आणलेला आणि अख्ख्या वाडीत मोठा. आनंदीबाईनं गणपतीला तो भरभरून तांदूळ नेले होते; शेर तेवढा बायजानं सण उलटल्यावर मागून आणला होता. आता दिवाळी उलटली, कापणी तोंडावर आली, आणि बाई ओटीवर लोखंडी शेर घेऊन उभी.

"ह्यो कुनाचा शेर गो?" बायजानं सूप खाली ठेवत विचारलं.

"माझा. शेराला काय नाव-गाव असतं? शेर तो शेर."

"शेर तो शेर? अगो, माझ्या शेरानं नेलास आनि या वाटीनं फेडतेस? माझ्या शेरात तुझा दीड बसंल! मी काय येडी दिसले तुला?"

"मूठभर तांदळासाठी वाडी गोळा करतेस, बायजे."

"मुठीचं नको सांगू, मापाचं बोल. ज्या मापानं नेलास त्या मापानं आन. नायतर राहू दे तुझे तांदूळ तुलाच."

आनंदीबाई शेर काखेत मारून तणतणत उतरून गेली. ओटीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेला हैबती, बायजाचा नवरा, खुदकन हसला. "तुझ्या शेराला काळकाय बी भिईल गो."

"तुमी गप बसा," बायजा म्हणाली.

हैबती गप बसला.

त्याचं हे गप बसणं नवं होतं आणि बायजाला ते फार गोड लागायचं. एके काळी हैबती बोलायचा आणि बायजा गप बसायची. तेव्हा तो प्यायचा. पोलादपूरच्या बाजाराला गेला की चढणीवरून आधी त्याच्या शिव्या यायच्या आणि मागनं तो. एकदा त्यानं मुसळ फेकून मारलं, ते बायजानं डाव्या हातावर झेललं. मनगट तेव्हापासून वाकडंच आहे, ढगाळ हवेत ठणकतं. पुढं एका शिमग्याला गावकीनं हैबतीला गावदेवी काळकाईच्या देवळात उभं केलं आणि नारळावर हात ठेवून दारू सोडायला लावली. सोडली त्यानं, खोटं का बोला! पण तोवर साखरेनं त्याला आतून पोखरलं होतं. पायाच्या बोटाची जखम भरेना, महाडला नेऊन बोट काढावं लागलं, आणि डॉक्टरांनी रोज सकाळी इन्सुलिन टोचायला सांगितलं. वीस युनिट.

टोचणार कोण? एकुलता मुलगा किरण मुंबईत शाळेची बस चालवतो. हैबतीला जवळचं दिसत नाही. उरली बायजा. तिला आकडे वाचता येत नव्हते. पोलादपूरच्या दवाखान्यातल्या प्रियदर्शिनी सिस्टरांनी तिच्या हातात लाल टोपणाची सुई देऊन शिकवलं, की नळी बरोब्बर निम्मी भरायची, तिथं वीस होतात. बायजानं घरी येऊन, मुंबईच्या सुनेनं सणाला येऊन विसरलेल्या नेलपॉलिशनं त्या जागी बारीक रेघ ओढली. सुई धुऊन पुसून पुन्हा पुन्हा वापरायची, बोथट झाली आणि हैबती कळवळला की नवी काढायची, तिच्यावरही तशीच रेघ. इतक्या दिवसांत रेघेच्या वर नाही की खाली नाही. दवाखान्यात सिस्टर म्हणायच्या, "मावशी, तुमचा हात बघून आमच्या पोरींनी शिकावं." हे बायजानं वाडीत निदान दहा जणींना ऐकवलं होतं.

आणि रोज सकाळी हा दांडगा माणूस तिच्यासमोर सदरा वर करून, पोट उघडं करून बसायचा. बायजा बाटली दोन्ही तळव्यांत घोळवायची, उजेडात धरून रेघेपर्यंत औषध ओढायची, टिचकी मारून बुडबुडा काढायची आणि म्हणायची, "हलू नका." तो हलायचा नाही. खरं सांगायचं तर औषधाच्या गुणापेक्षा तिला याचंच समाधान जास्त होतं.

कापणीच्या तोंडावर बाटली संपत आली. पोलादपूरच्या दुकानात नेहमीची बाटली आली नव्हती, म्हणून किरणनं मुंबईहून घेऊन गाडीवाल्याकडे पाठवली. बायजा डोंगर उतरून खाली थांब्यावरून पुडकं घेऊन आली. आत दोन बाटल्या आणि नारिंगी टोपणाच्या सुया. संध्याकाळी किरणचा फोन आला.

"आये, ही बाटली शंभरची हाय. तिच्याबरोबर दिल्यात त्याच सुया लाव. जुन्या फेकून दे."

"शंभरची म्हंजे काय रे?"

"म्हंजे... आता तसलीच येते. दुकानवाला बोलला, त्याच सुया लावा. चल, गाडी लावतोय मी, ठेवतो."

दुकानदारानं किरणला समोर उभं करून दोनदा सांगितलं होतं, पण किरण तेव्हा फोनवर दुसऱ्याशी बोलत होता. सुयांचं तेवढं कानात शिरलं, का ते नाही शिरलं. नेहमीच्या बाटलीत एका मिलिलिटरला चाळीस युनिट असतात, या बाटलीत शंभर. औषध अडीचपट दाट. म्हणून तिची सुई वेगळी आणि सुईवरच्या खुणाही वेगळ्या. ही बाटली लाल टोपणाच्या सुईत बायजाच्या रेघेपर्यंत ओढली, तर अंगात वीस नाही, पन्नास युनिट जातात.

बायजानं नवी सुई उजेडात धरून पाहिली. खुणा मुंगीच्या पायांएवढ्या. निम्म्यावर किती होतात कोण जाणे. "फेकून दे म्हनं! मुंबईला जाऊन हातचं फेकायला शिकलाय," ती पुटपुटली. तिची रेघेची सुई चांगली धड होती. नव्या सुया तिनं डब्यात तळाशी घातल्या, पुढंमागं उपयोगी पडतील म्हणून. बाटल्या तेवढ्या थंड राहाव्यात म्हणून ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवल्या. जुन्या-नव्या दोन्हींतलं औषध सारखंच गढूळ दिसत होतं.

वाडीत कापणी सावडीनं चालते. आज सगळे याच्या शेतात, उद्या त्याच्या. घरटी दोन विळे आलेच पाहिजेत, नाहीतर आपल्या शेतावर कुणी फिरकत नाही. पहिला दिवस महिपतचा होता, आणि त्याच सकाळी बायजानं नवी बाटली काढून रेघेपर्यंत टोचलं होतं. महिपत म्हणजे गावकीचा म्होरक्या, हैबतीच्या बरोबरीचा. त्याचं शेत लांबलचक, ओढ्यापर्यंत उतरणारं.

ऊन डोक्यावर यायच्या आधीच हैबती ओळीत मागं पडला. ऑक्टोबरचं ऊन होतं, घाम सगळ्यांनाच होता, पण त्याचा सदरा ओढ्यातून काढल्यासारखा गळत होता. बायजानं मागं वळून पाहिलं तर तो भाताची मूठ धरायला जात होता आणि हात भलतीकडेच पडत होता. मग विळा बोटावर आला. रक्त बघून तो नुसता बघतच राहिला, जणू बोट दुसऱ्याचं.

"काय रे हैबत्या," महिपत ओरडला, "सकाळीच लावलीस काय?"

बायका विळे थांबवून हसल्या. आनंदीबाई जरा जास्तच हसली. बायजाची कानशिलं तापली. ती भराभर गेली, पदराची चिंधी फाडून त्याचं बोट आवळलं आणि तोंडाजवळ नाक नेऊन हुंगलं. वास नव्हता. पण ते डोळे, ती लटपट तिच्या ओळखीची होती. तिच्या मनगटाला ती डोळे मिटून ओळखता आली असती.

"मी नाय प्यालो गो," हैबती म्हणाला. जीभ जड झाली होती. "कापरं भरलंय. भूक लागलीय."

दुपारी बांधावर भाकरी आणि चटणी खाल्ली, आणि घटकाभरानं तो माणसात आला. बायजाच्या लेखी तोच पुरावा. उतरली, ती म्हणाली मनात. पोटात अन्न गेलं की दारू उतरते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रेघेपर्यंत. त्या दिवशी हैबती शेतावर गेलाच नाही, ओटीवर पडून राहिला; बायजा एकटीच जाऊन दुपारी परतली. दुपारी किरण आला, कापणीपुरती रजा काढून, पाठीवर पिशवी आणि डोळ्यांवर काळा चष्मा.

"बाबा, बरं हाय ना?"

हैबतीनं त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "तू कोन रे? कुनाचा?"

किरण आईकडे बघायला लागला. बायजानं तोंड फिरवलं. तेवढ्यात हैबतीनं एक घाणेरडी शिवी हासडली, कुणाला ते त्यालाही ठाऊक नसावं, आणि भिंत धरत धरत आत गेला. बराच वेळ आला नाही म्हणून बायजा बघायला गेली. चुलीमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात तो उकिडवा बसला होता. गुळाचा डबा मांडीत, ढेप दोन्ही हातांत, आणि गाल फुगलेले. हनुवटीवरून गुळाची लाळ गळत होती. तिला बघून त्यानं डबा छातीशी धरला.

"अवो! साखरेचं मानूस तुमी, आनि गूळ चोरून खाता? लाज नाय वाटत?"

बायजानं डबा ओढला. तो सोडेना. तिनं त्याच्या हातावर उलथनं हाणलं, तेव्हा सोडला. मग तो तिथंच बसून राहिला, आणि थोड्या वेळानं त्याचे डोळे निवळले. आवाजही नेहमीचा झाला.

"बायजे, मला काय तरी होतंय गो. आतून रितं रितं होतं. पाय माझे राहत नाय. गूळ खाल्ला की बरं वाटतं."

"वाटनारच! साखरेवाल्याला गूळ गोडच लागंल."

"किरणा, तू तरी ऐक. मी प्यालो नाय. काळकायची आन."

"आन घेऊ नका," बायजा ओरडली. "एक आन घेतली ती पुरी हाय."

किरणनं बापाचं तोंड हुंगून पाहिलं आणि जाणत्यासारखी मान हलवली. "वास न येनारी मिळते आता, आये. आमच्या लाइनीला सगळे ड्रायव्हर तीच मारतात. महिपतकाका मला खाली थांब्यावरच बोलले. पब्लिकसमोर इज्जत गेली आपली."

त्या संध्याकाळी गुळाचा डबा, साखरेची बरणी, दिवाळीतले उरलेले चार लाडू, सगळं ट्रंकेत गेलं. ट्रंकेला कुलूप लागलं आणि चावी बायजाच्या कमरेला. हैबती ओटीवरून बघत होता. त्याची नजर चावीवरून हलेना.

तिसरा दिवस त्यांच्या स्वतःच्या शेताचा. सगळी सावड त्यांच्याकडे येणार होती आणि नेमकं आभाळ भरून आलं होतं. आंबेनळी घाटाच्या बाजूला डोंगर दिसेनासा झाला होता. उभं पिकलेलं भात एका सरीनं आडवं झालं असतं आणि लोंबीला मोड आले असते. वर्षाचे तांदूळ होते ते. बायजाचं मनगट पहाटेपासून ठणकत होतं.

तिनं बाटली तळव्यांत घोळवली आणि रेघेपर्यंत औषध ओढलं. मग थांबली. काल एवढी गुळाची ढेप पोटात गेलीय, साखर किती चढली असेल! तिनं विचार केला आणि दट्ट्या आणखी जरा ओढला, रेघेच्या वर दोन खुणा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. सिस्टरांना सांगितलं असतं तर शाबासकीच दिली असती, असं तिला वाटलं.

"हलू नका."

हैबती हलला नाही. टोचून झाल्यावर सदरा खाली करत म्हणाला, "भाकरी दे. टोचल्यावर खायचं असतं, सिस्टर म्हनतात."

"काल खाल्लात तो गूळ आधी जिरू दे."

"न्याहारी शेतावर," किरण विळे गोळा करत म्हणाला. "आभाळ बघा जरा. आधी काम. चला, बाबा."

हैबती एकदा बायजाकडे आणि एकदा चुलीवरच्या भाकरीकडे बघून उठला.

शेत घराखालीच, पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेलं. माणसं ओळीनं लागली. विळ्यांची खसखस आणि अधूनमधून आभाळाकडे वर होणाऱ्या माना, दुसरं काही नव्हतं. हैबतीला भारे बांधायला बसवलं होतं. त्यानं दोन बांधले. तिसरा बांधताना बंद हातातून सुटला, तो पुन्हा धरायला गेला, पुन्हा सुटला. मग तो उभा राहिला आणि कापलेल्या भातातून वेडावाकडा चालायला लागला. महिपतच्या बायकोच्या अंगावर जाऊन आदळला. ती किंचाळली. तो तिथंच भाऱ्यांवर उताणा पडला आणि सगळ्यांच्या देखत त्याचं धोतर भिजलं.

किरण वरच्या बांधावरून उडी मारून आला.

"उठ!" त्यानं बापाच्या सदऱ्याला धरून वर ओढलं. "उठ म्हनतो ना! आज तरी? आजच्या दिवशी तरी लाज राखायची होतीस!" आणि त्यानं कानफटात मारली. एकदा, मग उलट्या हातानं दुसरी. हैबतीची मान इकडून तिकडे नुसती गेली. वाडी बघत होती. कुणी पुढं झालं नाही, कारण मारणारा लेक होता आणि मार खाणारा दारुडा होता.

बायजानंही त्याला अडवलं नाही. खोटं कशाला, तिच्या मनगटाला त्या क्षणी जरा बरं वाटलं.

"झाडाखाली टाका त्याला," महिपत म्हणाला. "उतरंल आपोआप. हात चालवा, पाऊस येतोय."

दोघांनी त्याला आंब्याखाली नेऊन टाकलं. किरणनं घागरभर पाणी डोक्यावर ओतलं. बायजा जवळ गेली तेव्हा त्याचे डोळे अर्धे उघडे होते, अंग थंडगार आणि चिकट. ओठ हलत होते. ती वाकली.

"गूळ," हैबती म्हणाला. "बायजे... गूळ. इवलासा."

त्याचा हात तिच्या कमरेशी आला. चावी चाचपत होता.

बायजानं तो हात झिडकारला. "मरा पन गूळ नाय मिळनार!"

आनंदीबाई चहाची किटली घेऊन फिरत होती. ती थांबली. काही झालं तरी शेजारीण. "कपभर चहा घाल त्याच्या तोंडात, गोड हाय. तरतरी येईल."

"साखर चालत नाय त्याला," बायजा म्हणाली. आनंदीबाईनं तरी कप पुढं केला, तेव्हा बायजानं तो तिच्या हातातून घेतला आणि मातीत ओतला. "तुझं माप तुझ्यापाशी ठेव. माझ्या नवऱ्याचं माप मला कळतं."

आनंदीबाईनं ओठ मुडपले आणि किटली घेऊन गेली.

काम चालू राहिलं. पाऊस आला नाही. ढग तसेच डोंगरामागं उतरून गेले, आणि दुपारपर्यंत सगळं भात खळ्यावर येऊन पडलं. सगळे खूश झाले. भाकऱ्या सोडल्या, तेव्हा कुणीतरी म्हणालं, हैबत्या घोरतोय बघा कसा. बायका हसल्या. मग ते घोरणं वेगळं वाटायला लागलं. महिपत उठून गेला आणि तिथूनच त्यानं किरणला हाक मारली, ती हाक ऐकून बायजाच्या हातातली भाकरी पडली. हैबतीच्या तोंडाला फेस होता. हातपाय ताठ होऊन झटके देत होते आणि टाचांनी आंब्याखालची माती उकरली गेली होती.

घोंगडीची झोळी करून त्याला खाली सडकेला उतरवलं, तिथून जीपनं पोलादपूर. बायजानं निघताना औषधाचा डबा काखेत मारला होता. सिस्टरांना दाखवायला. आपल्याकडून काही कमी पडलं नाही, हे त्यांना कळायला पाहिजे होतं.

दवाखान्यात बोटाला टोचून रक्त मशीनला लावलं तर मशीननं आकडाच दाखवला नाही. साखर इतकी खाली होती, की मशीनला मोजता येईना. शिरेतून साखरेचं पाणी सुरू झालं. डॉक्टर धावपळ करत होते, महाडला गाडी सांगत होते. प्रियदर्शिनी सिस्टर बायजाला बाजूला घेऊन आल्या.

"मावशी, किती दिलं होतं?"

"रेघेपर्यंत," बायजा म्हणाली. मग खरं सांगितलं. "आज जरा वर. गूळ खाल्ला हुता त्यांनी."

सिस्टरांनी डबा उघडला. बाटली काढून वाचली. लाल टोपणाची सुई काढली, तिच्यावरची नेलपॉलिशची रेघ पाहिली. तळाशी हात घालून नारिंगी टोपणाच्या सुयांचा न फोडलेला पुडा काढला.

"या कुणी दिल्या?"

"बाटलीसंगं आल्या मुंबईहून."

सिस्टरांनी दोन्ही सुया शेजारी शेजारी धरल्या. "हे बघा. ही लाल, चाळीसच्या बाटलीची. ही नारिंगी, शंभरच्या बाटलीची. तुमची जुनी बाटली चाळीसची होती. ही शंभरची आहे, अडीचपट दाट. यातलं वीस युनिट म्हणजे नारिंगी सुईत एवढंच." त्यांनी नखानं जागा दाखवली. बायजाच्या रेघेच्या निम्म्याहूनही खाली. "तुम्ही लाल सुईनं भरलंत. रोज पन्नास गेलं अंगात, आज त्याहून जास्त. साखर उतरली की माणूस दारू प्यायल्यासारखाच दिसतो. घाम, कापरं, बरळणं. तेव्हा लगेच गोड द्यायचं असतं, मावशी. चमचाभर साखर. गूळ. गोड चहा. काहीही. त्यांनी मागितलं नाही का?"

बायजा त्या नखाकडे बघत होती. हा हिशोब मांडायला तिला दुसरं कुणी लागलं नाही.

"बाटलीचा शेर बाटलीसंगं आला हुता," ती म्हणाली. "आला हुता, बाई. मीच डब्यात ठिवला."

"मी सांगितलं होतं!" किरण मागून ओरडला. साऱ्या वॉर्डानं मान वळवली. "फोनवर सांगितलं होतं ना, त्याच सुया लाव म्हनून? सांगितलं होतं का नाय? बोल की!"

"सांगितलं हुतंस," बायजा म्हणाली.

हैबती मेला नाही. महाडच्या मोठ्या दवाखान्यात तो बरेच दिवस राहिला आणि जिवंत घरी आला. पण मेंदूला फार वेळ साखर मिळाली नव्हती, त्यामुळं जो आला तो पुरता आला नाही. बसवलं तर बसायचा, भरवलं तर खायचा. माणसं ओळखेना.

घरी आणायच्या आदल्या दिवशी किरणनं आईला दवाखान्याच्या पायरीवर बसवलं. "वाडीत सुयांचं काय बोलू नको, आये. लोक म्हनतील मायलेकानं मिळून म्हाताऱ्याला घालवायला बघितला. मी बी मारलंय त्याला चारचौघांत. दारूचं बोलतायत ना, बोलू दे. त्याला आता काय कळतंय?"

बायजानं मान हलवली. किरण भात झोडून, कणग्या भरून मुंबईला निघून गेला.

गावकी बसली. महिपत दारात येऊन सांगून गेला, घरात आला नाही. हैबतीनं काळकाईसमोर घेतलेली आन मोडली, देवीनं त्याला सर्वांच्या देखत शिक्षा केली. आता येत्या शिमग्याला पालखी या दारात थांबणार नाही. पुढचं पुढं बघू.

दुसऱ्या दिवशी आनंदीबाई आली. हातात सूपभर नवे तांदूळ होते, शेर नव्हता.

"तुझा शेर दे गो," ती म्हणाली. "तुझ्याच मापानं फेडते. अशा दिवसांत भांडान नको."

बायजानं पितळी शेर आणून ठेवला. आनंदीबाईनं तो वरपर्यंत भरला, वर शीग लावली, दोन दाणे घरंगळले तेही वेचून वर ठेवले. "बघून घे. भरलं?"

"भरलं," बायजा म्हणाली. मग तिला राहवेना. "आनंदे, त्यो प्याला नव्हता गो."

"असू दे."

"नव्हता प्याला. काळकायची आन त्यानं नाय मोडली. औषधाचं माप चुकलं. एका बाटलीचं औषध दुसऱ्या बाटलीच्या सुईनं भरलं मी. तुझ्या चहानं वाचला असता, तो बी मी ओतला. माझ्या हातानं झालं सगळं."

आनंदीबाईनं तिच्या वाकड्या मनगटाकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

"एवढं मारलं तुला जन्मभर, तरी झाकतेसच त्याचं," ती म्हणाली. "देवी बघते हो, बायजे. तुझ्यासारखी बायको मिळायला नशीब लागतं." आणि बायजाचा खांदा थोपटून, रिकामं सूप घेऊन ती निघून गेली. संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं, की बायजा नवऱ्याचं पाप स्वतःच्या अंगावर घेते.

आतून आवाज आला. "गूळ."

हैबतीला आता तेवढा एकच शब्द येत होता. झोपेतून उठला की तोच, जेवताना तोच. बायजा पदरानं डोळे पुसत आत गेली. सिस्टरांनी बजावून सांगितलं होतं. आता नारिंगी सुई, आता माप बरोबर, तेव्हा साखर पुन्हा चढू द्यायची नाही. घाम आला, कापरं भरलं, तरच गोड. एरवी एक खडाही नाही.

ती त्याच्यासमोर बसली. त्याच्या कपाळावर हात ठेवला. मानेवर, मग सदऱ्याच्या आत पाठीवर. घाम शोधत होती. थेंबभर मिळाला असता तरी तिनं ट्रंक उघडली असती. अंग कोरडं होतं. तिनं त्याचे दोन्ही हात हातांत धरून पाहिले, ते स्थिर होते.

"गूळ," हैबती म्हणाला.

"नाय," बायजा म्हणाली. कमरेची चावी तिला टोचत होती. "आता खरंच चालत नाय वो."

तिचा आवाज ऐकून त्यानं सदरा वर केला, आणि पोट उघडं करून, न हलता बसून राहिला.